शेवट माहीत असताना

गेल्या येळवसला मामाच्या शेतात आमचं भांडण झालं, ते सिनेमावरून.

येळवस म्हणजे वेळा अमावास्या. लातूर-धाराशिवकडच्यांना हे सांगायची गरज नाही. बाकीच्यांसाठी एवढंच, की मार्गशीर्षातल्या या अमावास्येला आमच्याकडची गावं रिकामी होतात आणि शेतं भरतात. कडब्याची कोप उभी करायची, तिच्यात पाच पांडव मांडायचे, पूजा झाली की भज्जी, उंडे, आंबील. मग दुपारभर सावलीत लोळायचं. लातूर शहरात त्या दिवशी संचारबंदी लागल्यासारखं असतं.

मामाचं शेत औसा तालुक्यात, किल्लारीच्या बाजूला आहे. शेत जुन्याच जागी आहे, गाव मात्र नाही. गाव आता दूर उठून गेलंय. जुनं गाव होतं तिथं वेड्या बाभळी माजल्यात आणि त्या आमच्या कोपीतून दिसतात. लहानपणापासून बघतेय, त्यामुळे मला त्यांचं काही वाटत नसे.

तर भांडण. मामाचा मुलगा नांदेडला असतो, नीटच्या क्लाससाठी. यंदा त्याचा दुसरा अटेम्प्ट. ऑक्टोबरात त्यानं क्लास बुडवून ‘कांतारा : चॅप्टर १’ बघितला होता. हे त्यानं मला कानात सांगितलं आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात वाद सुरू केला.

“ताई, पहिल्यापेक्षा ह्यो भारी हाय. पहिल्यात नुसतं दैव दैव करतेत. ते आलं कुठून, ती जागा काय हाय, सगळं ह्याच्यात दाखवलंय.”

“म्हणूनच तर मला पहिला आवडतो,” मी म्हणाले. “शेवटी तो जंगलात जातो आणि नाहीसा होतो. कुठं गेला, कुणी सांगत नाही. अंगावर काटा येतो तो त्याच्यामुळे. आता तुम्ही मागं जाऊन सगळं समजावून सांगणार, म्हणजे काटा गेला.”

“तुला काहीच आवडत नाही.”

“मला प्रीक्वेल आवडत नाहीत.”

हे माझं जुनं मत. विष्णुपुरीला विद्यापीठाच्या हॉस्टेलवर होते तेव्हा रात्र-रात्र मी ते मांडलंय. माझा मुद्दा सोपा होता. ज्या गोष्टीचा शेवट आधीच माहीत आहे, तिच्यात जीव राहत नाही. कोण मरणार आणि कोण नाही हे ठाऊक असलं, की तलवारी नुसत्या वाजतात. आवडत्या सिनेमाची आधीची गोष्ट काढणं म्हणजे जेवण झाल्यावर ताटात पुन्हा कोशिंबीर वाढणं.

आई शेजारी ढाळे सोलत बसली होती. ती सिनेमे फारसे बघत नाही. वर न बघता म्हणाली, “शेवट ठावूक असलेली गोष्ट ऐकू नये असं कुणी सांगितलं तुला?”

मामेभाऊ जिंकल्यासारखा हसला. मी तेव्हा गप्प बसले, पण ते वाक्य घेऊन लातूरला परत आले. पुढचे काही आठवडे मी माझ्याच मताची उलटतपासणी करत बसले. हा लेख म्हणजे ती तपासणी.

*

‘प्रीक्वेल’ हा शब्द इंग्रजीतही विसाव्या शतकातलाच. मराठीत आपण ‘पूर्वकथा’ म्हणू शकतो, पण थिएटरबाहेर कुणी म्हणत नाही. अर्थ साधा आहे : आधी आलेल्या गोष्टीच्या आधी काय घडलं, ते सांगणारी नंतर आलेली गोष्ट. इथं फ्लॅशबॅक वेगळा काढायला हवा. ‘शोले’त ठाकूरच्या अंगावर शाल का असते हे आपल्याला मागच्या गोष्टीतून कळतं, पण ती मागची गोष्ट त्याच सिनेमाच्या पोटात आहे. दिग्दर्शकानं ती मुद्दाम राखून ठेवली होती. प्रीक्वेल मात्र पूर्ण झालेल्या, लोकांच्या मनात बसलेल्या सिनेमाला नंतर जोडली जाते. म्हणून ती जोखमीची. मूळ सिनेमानं जे सांगितलं नाही ते प्रेक्षकानं आपापल्या मनात भरून टाकलेलं असतं. प्रीक्वेल येऊन म्हणते, तुझं चुकलं, असं झालं होतं.

मला वाटायचं हे खूळ हॉलिवूडचं, तिकडून इकडं आलेलं. मग आपल्याकडचं जुनं बघायला लागले आणि पहिल्याच पायरीला अडखळले.

भारतातला पहिला पूर्ण लांबीचा कथापट म्हणून आपण दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ सांगतो. साल १९१३. हरिश्चंद्र कोण? सूर्यवंशी राजा, रामाचा पूर्वज. म्हणजे ज्या प्रेक्षकाला रामकथा तोंडपाठ होती, त्याच्यासमोर फाळक्यांनी आधी रामाच्या घराण्यातली जुनी गोष्ट ठेवली. खुद्द रामकथेवरचा ‘लंकादहन’ त्यांनी १९१७ मध्ये केला. पुढं वीस वर्षांनी, १९३७ मध्ये, आयुष्यातला एकमेव बोलपट केला तो ‘गंगावतरण’. भगीरथाची गोष्ट. भगीरथही रामाचाच पूर्वज. फाळके पुन्हा मागं गेले होते.

त्या प्रेक्षकाला यात काही वावगं वाटलं असेल असं मला वाटत नाही. हरिश्चंद्राचं राज्य जाणार, तारामती विकली जाणार, डोंबाघरी चाकरी करावी लागणार आणि शेवटी सगळं परत मिळणार, हे लोकांनी कीर्तनात ऐकलेलं, तमाशाच्या वगात बघितलेलं. नांदेडहून लातूरला एसटीनं येताना लोह्याच्या पुढं माळेगाव लागतं. तिथं खंडोबाची यात्रा भरते, येळवसच्याच सुमाराला. घोडे, गाढवं, उंट यांचा बाजार आणि रात्री तमाशाचे फड. त्या कनातीत बसलेल्या माणसाला वगातल्या राजाचं पुढं काय होणार हे ठाऊक असतं. तरी पहाटेपर्यंत तो हलत नाही. माझं मत खरं असतं, तर गौळण संपल्यावर कनात रिकामी व्हायला हवी.

पौराणिक गोष्टींचं सोडा, म्हणून मी इतिहासाकडं वळले. तिथंही तेच.

बाबूराव पेंटरांनी १९२३ मध्ये ‘सिंहगड’ हा मूकपट केला. तानाजीची गोष्ट, म्हणजे १६७० सालातली. त्यात तरुण व्ही. शांतारामांनी शेलारमामाचं काम केलं होतं. पुढं शांतारामांनी प्रभातसाठी १९३० मध्ये ‘उदयकाल’ केला. तो शिवाजी महाराजांच्या उमेदवारीच्या दिवसांवर, स्वराज्याच्या पहिल्या पावलांवर. आधी त्याचं नाव ‘स्वराज्याचं तोरण’ होतं, पण इंग्रज सरकारच्या सेन्सॉरला ते खुपलं, म्हणून बदललं. मग १९३३ मध्ये प्रभातनं पुन्हा ‘सिंहगड’ केला, बोलपट. शेवट आधी, सुरुवात नंतर, मग परत शेवट. शिवचरित्र आपल्या सिनेमानं सालावारीनं सांगायचं कधी मनावरच घेतलं नाही.

आणि आता आपल्या काळातलं. दिग्पाल लांजेकरांचे सिनेमे तुमच्यापैकी बहुतेकांनी बघितले असतील. ते ज्या क्रमानं आले तो बघा. २०१८ मध्ये ‘फर्जंद’ : कोंडाजी फर्जंदानं पन्हाळा घेतला ती १६७३ ची गोष्ट. २०१९ मध्ये ‘फत्तेशिकस्त’ : लाल महालातला शाहिस्तेखान, १६६३. फेब्रुवारी २०२२ मध्ये ‘पावनखिंड’ : १६६०. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ‘शेर शिवराज’ : प्रतापगड आणि अफझलखान, १६५९. चार सिनेमे ओळीनं मागं मागं गेले. प्रत्येक नवा सिनेमा हा आधीच्याची पूर्वकथा. या चौघांत शिवाजी महाराज चिन्मय मांडलेकरच आहेत आणि मृणाल कुलकर्णी जिजाऊ. एकाही प्रेक्षकानं विचारलं नाही की हे उलटं का चाललंय. या सिनेमांना प्रीक्वेल म्हणायचं आम्हाला हॉस्टेलवर कधी सुचलंही नाही.

‘पावनखिंड’ मी नांदेडला बघितला. कोरोनानंतर इतकं भरलेलं थिएटर पहिल्यांदाच बघत होते. बाजीप्रभू खिंडीत पडणार हे त्या थिएटरातल्या पाच वर्षांच्या पोरालाही माहीत होतं. शिवा काशीद पालखीत बसतो तेव्हा आमच्या पुढच्या रांगेतल्या एका काकांनी चष्मा काढला, तो बराच वेळ घातला नाही. खिंड यायला अजून अवकाश होता. काका आधीच रडायला लागले होते. मलाही आवंढा आला होता, पण तेव्हा मला ते माझ्या मताच्या विरोधातलं वाटलं नाही. ती वेगळी गोष्ट, तो इतिहास, असं म्हणून मी सोडून दिलं.

*

बाहेरच्या जगातले दाखले काढले तर चित्र मिश्र निघालं.

सर्जिओ लिओनीचे तीन काऊबॉयपट आहेत, क्लिंट ईस्टवुडचे. १९६४, १९६५ आणि १९६६ मधले. तिसरा, ‘द गुड, द बॅड अँड द अग्ली’, अमेरिकेतल्या यादवी युद्धात घडतो, म्हणून काळानं तो पहिल्याच्या आधीचा ठरतो. शेवटाकडं ईस्टवुड एक घोंगडीवजा अंगरखा उचलून अंगावर घेतो. पहिल्या सिनेमापासून आपण त्याला त्याच अंगरख्यात बघत आलोय. कुणी काही बोलत नाही, कुणी समजावत नाही. तिघांत सगळ्यात नावाजला गेला तो हा तिसराच.

१९७४ चा ‘द गॉडफादर पार्ट २’ अर्धा पुढची गोष्ट आहे आणि अर्धा मागची. पहिल्या सिनेमात मार्लन ब्रँडोनं केलेला म्हातारा व्हिटो इथं रॉबर्ट डी नीरोनं तरुण केलाय. एकाच पात्रासाठी दोघांनाही ऑस्कर मिळालं. पण मोठी गोष्ट पुरस्काराची नाही. बाप रिकाम्या हातानं येऊन घर उभं करतो आणि पोरगा सगळं हातात असून घर मोडतो, हे दोन्ही शेजारी शेजारी चालतं. हा भाग बघून परत पहिला बघितला तर पहिल्यातलं सुरुवातीचं लग्न पूर्वीसारखं दिसत नाही. गाणी, नाच, पंगत तेच असतं, आणि तरी तिथं काहीतरी संपत आलंय असं वाटत राहतं.

याच्या उलट जॉर्ज लुकास. १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’मध्ये ‘फोर्स’ नावाची शक्ती होती. ती काय असते हे एका म्हाताऱ्यानं दोन वाक्यांत सांगितलं आणि जगभरच्या पोरांनी उरलेलं आपापल्या मनानं रचलं. १९९९ मध्ये प्रीक्वेल आली, ‘द फँटम मेनेस’. तिनं सांगितलं की रक्तात एक प्रकारचे सूक्ष्म जीव असतात, ते मोजले की कुणात किती शक्ती आहे ते कळतं. चाहते आजवर त्याबद्दल बोटं मोडतात. देवाचा रक्तगट सांगितल्यासारखं झालं ते.

पण त्याच मालिकेत २०१६ मध्ये ‘रोग वन’ आला. १९७७ च्या सिनेमात शत्रूच्या अस्त्राचे नकाशे बंडखोरांच्या हाती आलेले असतात. ते कुणी आणले, याची ही गोष्ट. पुढच्या सिनेमात या माणसांचं नावही नाही, त्यामुळे त्यांचं काय होणार हे आपण ओळखून असतो. एकेक करून सगळे मरतात. नकाशे पोचतात. सिनेमा संपतो तिथून मूळ सिनेमा जवळपास लगेच सुरू होतो. बघताना मला राहून राहून घोडखिंड आठवत होती. महाराज विशाळगडी पोचेपर्यंत थांबायचं, एवढंच काम.

म्हणजे शेवट माहीत असणं हा दोष असेल तर तो ‘रोग वन’ला का बाधत नाही? पावनखिंडीला का बाधत नाही? आणि ‘टाइमपास ३’ला का बाधतो?

‘टाइमपास ३’ माझ्या बाजूचा सगळ्यात मजबूत पुरावा होता. पहिला ‘टाइमपास’ २०१४ चा. आम्ही तेव्हा शाळेत होतो. वर्गातल्या प्रत्येक पोराला आपण दगडू वाटायचो आणि शाकाल तर गावोगाव सापडायचा. २०१५ मध्ये दुसरा भाग आला, त्यात मोठे झालेले दगडू आणि प्राजक्ता पुन्हा भेटतात. मग २०२२ मध्ये रवी जाधवांनी तिसरा काढला, तो काळानं पहिल्या दोघांच्या मधला. त्यात दगडूच्या आयुष्यात पालवी येते. हृता दुर्गुळेनं काम झकास केलंय. पण दगडू शेवटी प्राजक्ताचाच, हे सात वर्षांपूर्वी ठरून गेलेलं. मी थिएटरात बसून पालवीला मनातल्या मनात म्हणत होते, बाई, तू कशाला जीव टाकतेस.

आता विचार केला तर वाटतं, अडचण शेवट माहीत असण्याची नव्हतीच. सिनेमा मला ‘आता काय होणार’ या दोरीनं ओढू बघत होता आणि ती दोरी आधीच तुटलेली होती. ‘पावनखिंड’ ती दोरी वापरतच नाही. तिथं आपण बघतो ते असं, की एवढं माहीत असताना ही माणसं जेवली कशी, हसली कशी, निघाली कशी.

*

मग ‘बाहुबली’ आठवला. २०१५ ते २०१७ या दोन वर्षांत कट्टप्पानं बाहुबलीला का मारलं, हा प्रश्न देशात कुणी कुणाला विचारला नसेल? दुसऱ्या भागाचा मोठा हिस्सा ही मागचीच गोष्ट आहे. ती चालली, कारण पहिला भाग मुळात पूर्ण झालाच नव्हता. राजामौलींनी प्रश्न अर्ध्यावर सोडला होता. उत्तर मिळालं आणि प्रश्न मेला. आज कुणी तो विचारत नाही.

पण मी दुसरा भाग नंतर तीन-चारदा बघितला. उत्तर माहीत असताना. का, ते माझ्या लक्षात आलं नव्हतं. कुंतल देशात अमरेंद्र बाहुबली भोळसटाचं सोंग घेतो आणि कट्टप्पा त्याचा मामा होतो, तो भाग आठवतोय? दोघं मिळून नुसता धुमाकूळ घालतात. पहिल्यांदा बघताना थिएटर हसत होतं. मी तो भाग परत लावते आणि हसता हसता कट्टप्पाच्या हाताकडं बघत बसते. त्याच हातानं पुढं काय होणार आहे ते त्याला माहीत नाही. मला माहीत आहे. त्या गमतीला वजन येतं ते माझ्या माहितीमुळे.

तेव्हा माझं मत असं सुधारून लिहिते. मागच्या गोष्टीला दोन प्रश्न विचारता येतात. एक, ‘हे असं का झालं?’ दुसरा, ‘तेव्हा कसं होतं?’ पहिल्या प्रश्नाचं उत्तर एकदा मिळालं की संपलं. वर मूळ गोष्ट लहान होण्याचा धोका, रक्तातल्या सूक्ष्म जीवांसारखा. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर कितीदाही ऐकता येतं. आणि ते मूळ गोष्टीला मोठं करतं, कारण पुढं जे गेलं ते काय होतं हे त्यातून कळतं.

हे काही माझं डोकं नाही. महाभारत सांगितलं जातं ते जनमेजयाला. तो परीक्षिताचा मुलगा, अभिमन्यूचा नातू. युद्ध कधीच संपलंय. कोण जिंकलं हे त्याला विचारायची गरज नाही. तो स्वतः गादीवर बसलाय हेच उत्तर आहे. तरी सर्पसत्राच्या मंडपात तो वैशंपायनाला म्हणतो, माझ्या पूर्वजांची गोष्ट सांगा. आणि थोडक्यात सांगितल्यावर त्याचं भागत नाही, म्हणतो, विस्तारानं सांगा. आपल्याकडची सगळ्यात मोठी गोष्ट शेवट माहीत असलेल्या माणसाला सांगितलेली आहे.

कोपीत आम्ही पूजतो ते पाच पांडवही त्याच गोष्टीतले.

या कसोटीवर ‘कांतारा : चॅप्टर १’ला मी अर्धे गुण देते. कदंबांच्या काळात जाऊन तो बरंच समजावत बसतो, युद्ध मोठं, राजवाडा मोठा, आणि तेव्हा मला पहिल्यातला अंधार आठवत राहतो. पण जंगलातली माणसं आपापसात असतात, बाहेरचं कुणी आलेलं नसतं, ते भाग मला परत बघायचे आहेत. मामेभावाला हे कळवलंय. त्यानं अंगठा पाठवला.

*

आता त्या दुपारचं राहिलेलं सांगते.

३० सप्टेंबर १९९३. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. तुमच्यापैकी बहुतेकांचा जन्म तेव्हा झाला नव्हता, माझाही नाही. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बुडवून लोक दमून झोपले होते. घरं दगड-मातीच्या जाड भिंतींची, वर मातीचं माळवद. उन्हाळ्यात गार राहायची. भूकंपात ती माती आणि ते दगड झोपलेल्या माणसांवर आले. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतली ५२ गावं पार उद्ध्वस्त झाली, दहा हजारांच्या आसपास माणसं गेली.

माझी आई तेव्हा पंधरा वर्षांची होती. ती वाचली, कारण ती गावात नव्हती. नांदेडला तिच्या मावशीचं बाळंतपण होतं, हाताखाली म्हणून तिला धाडलं होतं. गणपतीत तरी घरी जाऊ द्या म्हणून ती रडली होती, पण पाठवलं नव्हतं. मामा सतरा वर्षांचा, तो गोठ्यापुढं उघड्यावर झोपला होता. घरात आईची आजी होती आणि धाकटा भाऊ. आठ वर्षांचा. मला दोन मामा होते, हे मला बरंच उशिरा कळलं.

ही गोष्ट आमच्या घरात शंभरदा सांगून झालीय. ती नेहमी एकाच ठिकाणी सुरू होते : नांदेडात पहाटे मांडणीवरची भांडी वाजली. मग रेडिओ, मग एसटी, मग स्वतःची गल्ली ओळखू न येणं. आमच्या घरचा तो मूळ सिनेमा. त्याच्या आधीचं आई कधी सांगत नाही आणि आम्ही कधी विचारलं नाही. काय विचारणार? शेवट तर माहीत होता.

त्या दिवशी, ते वाक्य बोलून झाल्यावर, आईनं ढाळ्यांची मूठ तशीच खाली ठेवली आणि आपण होऊन बोलायला लागली.

“भूकंपाच्या आदल्या साली येळवसला आमी हितंच व्हतो,” ती म्हणाली. “त्या साली पावसाळा सरला तसे बारके बारके धक्के बसायले व्हते. लोक रात्रीचं बाहेर झोपायले. मग थंडी पडली, धक्के बी थांबल्यावानी झाले, लोक परत आत गेले. येळवसला तर आजी मनली, देवानं ऐकलं आपलं.”

ते धक्के खरेच होते. १९९२ च्या त्या महिन्यांत किल्लारीच्या परिसरात जमीन अनेकदा हादरली होती. हे मी नंतर वाचलं. तेव्हा मी फक्त आईच्या तोंडाकडं बघत होते. देवानं ऐकलं, असं त्या आजी म्हणाल्या होत्या, आणि त्यांच्याकडं नऊ महिने उरले होते. आम्हाला कोपीत बसलेल्या सगळ्यांना ते माहीत होतं.

“आंबिलाचं बिंदगं डोक्यावर घ्यायचं मनून बारक्या लई रडला,” आई म्हणाली. “आजीनं दिलं. निम्म्या वाटंत धडपडला आन् सगळी आंबील अंगावर. तसाच हसायला. पांढराफटक. कुत्रं त्याच्या मागं मागं चाटायलं.”

एवढं सांगून ती हसली. मी तिला धाकट्या भावाबद्दल बोलताना हसलेलं त्याआधी बघितलं नव्हतं.

मामा तोवर गप्प होता. तो या विषयावर बोलतच नाही. बाभळींकडं बघत म्हणाला, “बिंदगं नव्हतं. चरवी व्हती.”

“बिंदगंच व्हतं.”

“बिंदगं असतं तर फुटलं नसतं का? चरवी व्हती, पितळंची. घरंगळत पार बांधापतोर गेली. म्याच आणली परत.”

आई थोडा वेळ थांबली. “व्हय,” म्हणाली. “चरवीच व्हती.”

मामेभावाच्या हातातला मोबाइल केव्हाचा खाली गेला होता. त्याचं नाव त्या बारक्या काकावरूनच ठेवलंय, आणि त्यानं ही गोष्ट माझ्यासारखीच पहिल्यांदा ऐकली होती. “मग पुढं काय झालं, आप्पा?” त्यानं विचारलं.

“पुढं काय व्हायचंय,” मामा म्हणाला. “आजीनं त्याला हिरीवर नेऊन धुतलं. मग समदे जेवलो.”